साडेनऊची बासुंदी

इस्लामपूरजवळच्या वृद्धाश्रमातून सकाळी फोन आला, तेव्हा तिथली नऊ म्हातारी माणसं सांगलीला सलाइनवर होती. आदल्या रात्रीची बासुंदी बाधली होती. व्यवस्थापक इंद्रजित यांनी गुन्हेगारही शोधून ठेवला होता. स्वयंपाकीण बनाबाई. तिला कामावरून काढून त्यांनी पोलिसांत अर्जही दिला होता.

“ही माणसं हात कुठं धुतात, मॅडम?” अन्नसुरक्षा अधिकारी दीपाली मगदूम यांना ते म्हणाले. “मी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. काजू-पिस्तेसुद्धा ऑफिसच्या कपाटात ठेवतो. किल्ली एकच, माझ्या खिशात.”

त्यांच्या उजव्या हातात रबरी मोजा होता. एकाच हातात. स्वच्छतेची आवड, म्हणाले. सही करतानाही तो उतरला नाही.

दीपालीनं बनाबाईला बोलावलं. नखं बारीक कापलेली, हातांवर जखम नाही. चारला बासुंदी करून ती साडेपाचच्या एसटीनं घरी गेली होती.

आश्रमात पाच जैन म्हाताऱ्या होत्या. त्या सूर्यास्तापूर्वी जेवत. त्यांनी पाचला त्याच पातेल्यातली बासुंदी खाल्ली होती आणि पाचही ठणठणीत होत्या.

“वर पिस्ते होते?” दीपालीनं त्यांच्यातल्या चंदनबाला आजींना विचारलं.

“कुठलं पिस्तं, बाळ? साधीच हुती.”

बाकीचे साडेनऊला जेवले, कारण रात्रीच्या कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे लालासाहेब उशिरा आले. तोवर भरलेल्या वाट्या मांडवात होत्या. फ्रिज पाहुण्यांच्या हारांनी भरला होता. आश्रमानं फेसबुकवर टाकलेल्या फोटोत प्रत्येक वाटीवर पिस्त्यांचं फूल होतं.

दीपाली ऑफिसात परतली.

“मोजा काढा.”

अंगठ्याला नखुरडं झालं होतं. पिवळं, ठसठसणारं.

“बनाबाईंच्या हातून गेली तेव्हा बासुंदी चांगली होती. पाच जणी साक्षीला आहेत,” ती शांतपणे म्हणाली. “नंतर पिस्ते लागले. किल्ली तुमच्याच खिशात. फोटोसाठी तुम्ही या अंगठ्यानं फुलं काढलीत आणि वाट्या चार तास उकाड्यात ठेवल्या. पुवातल्या जंतूंना तेवढं पुष्कळ. नमुने प्रयोगशाळेत जातीलच.”

“एवढंसं तर बोट…” इंद्रजित पुटपुटले. मग दाराशी उभ्या बनाबाईकडे वळून, उपकार केल्यासारखे म्हणाले, की उद्यापासून ये.

“यीन की साहेब,” बनाबाई म्हणाली. “पन आदी पोलिसातला माझ्या नावाचा कागद तुमी सोता जाऊन परत आना. आनि गावात चारचौघांत सांगा, कुणाच्या हातानं झालं ते.”

दीपालीनं बाहेर येऊन इंद्रजित यांच्यासाठी गाडीचं दार उघडलं. “बसा. ठाण्यावरूनच जाते आहे.”