पत्रिकेएवढं अंतर

भावोजी गेल्यावर महानंदाक्काने त्यांची स्कूटर विकली नाही, चालवायला शिकून घेतली. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तिला सर्किट जोडायचं काम लागलं होतं आणि पहाटपाळीला घराजवळून, श्रीरामपुरमहून, बस नव्हती. आता पुन्हा उशीर झाला तर काम जाईल, असं तिला बजावलं होतं. काम गेलं की सासरचे तिला निपाणीला नेणार, हेही ठरलेलंच. तिला मात्र याच घरात राहायचं होतं.

मी, तिचा धाकटा भाऊ कृष्णात, लेथवर काम करणारा माणूस. माप चुकलं की तुकडा भंगारात, एवढंच तत्त्वज्ञान मला ठाऊक. स्कूटरचे ठिणगी पाडणारे पॉइंट सारखे काळे पडायचे, म्हणून ते काढून मी बाजारात मिळणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. त्याची ठिणगी जोरकस, म्हणून प्लगचं तोंड, म्हणजे ठिणगी पडते ती फट, जरा जास्त उघडं ठेवायचं असतं. फट मोजायच्या फीलर गेजचं पातं घालून मी ते मापात उघडलं. गाडी पहिल्या किकला चालू झाली. अक्का कितीतरी महिन्यांनी हसली, आणि मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू होईना. प्लग काढला तर तोंड अर्धवट मिटलेलं. माझ्याच हातून आपटला असेल म्हणून पुन्हा उघडलं. पुढच्या सकाळी तेच. मग नवा प्लग घातला, प्लगवरच्या बाजूच्या झाकणाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घालून घरी गेलो. सकाळी कुलूप जागच्या जागी, प्लग मिटलेला. दरवेळी तेवढाच, केसभरही इकडे-तिकडे नाही.

मी अक्काला विचारलं. भावोजींच्या हत्यारांच्या डब्यातून जाड कागदाचा एक पिवळट तुकडा काढून तिने माझ्या तळहातावर ठेवला. त्यांच्या लग्नपत्रिकेचा कोपरा होता तो. भावोजींना गेज कधी पटलंच नाही. प्लगमध्ये हा कोपरा घालून ते अंतर लावायचे, आणि कुणी चेष्टा केली की हे माझ्या संसाराचं माप आहे म्हणायचे.

मी तो कोपरा प्लगमध्ये सरकवला. चपखल बसला.

मी तो झटकन बाहेर ओढला. अक्का मात्र घाबरली नाही. स्कूटरजवळ उकिडवी बसून तिने पदराने सीट पुसलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे नवीन आहे. ह्याला आपलं जुनं माप चालत नाही. काम गेलं तर मला निपाणीला नेतील हो. मला इथंच राहायचंय, तुमच्याजवळ."

मी दुसरीकडे बघत राहिलो. मग पातं घालून तोंड पुन्हा उघडलं.

दुसऱ्या दिवशी गाडी पहिल्या किकला चालू झाली. त्यानंतर रोज. अक्काचं काम टिकलं, घरही टिकलं.

दिवाळीच्या तोंडावर प्लग बदलायला झाला, म्हणून यशवंतपूरला विठोजीअण्णाच्या स्पेअरपार्टच्या दुकानात गेलो. त्याने माझ्यासमोर नव्या प्लगच्या डबीचं सील फोडलं. सवयीने मी तिथंच गेज लावलं.

"अण्णा, हा कुणी सेट केलाय?"

"इल्ला रे, कुणीच नाही. आत्ता तुझ्यासमोरच फोडला की."

कारखान्यातून प्लग येतात ते जुन्या मापाचे. मी आणखी काही डब्या फोडायला लावल्या. त्यातले सगळे प्लग जुन्या मापाचेच निघाले.

या पहिल्या एकाचंच तोंड आमच्या इग्निशनच्या मापाचं होतं.

आणि तो हाताला कोमट लागत होता, कुणीतरी बराच वेळ मुठीत धरून ठेवल्यासारखा.