सोळावी नळी

रोग ओळखायचं आमचं यंत्र मी स्वतः जोडलंय. आराखडा कुणा भल्या माणसांनी इंटरनेटवर फुकट ठेवलेला, पंखा जुन्या कॉम्प्युटरचा, झाकण दादाने पत्रा कापून बसवलेलं. दादा त्याला डबडं म्हणतो. त्यात चार ओळींत चार अशी सोळा भोकं आहेत. पंधरा नळ्यांत हरणांच्या लेंड्यांचे नमुने, सोळावीत नुसतं उकळलेलं पाणी. ती कोरी नळी. रोग असला की नळी चमकते. कोरीच चमकली, तर कुठेतरी घाण मिसळली म्हणायची आणि सगळी चाचणी रद्द.

गेले नऊ दिवस कोरी चमकत होती.

पाणी बदललं, हातमोजे बदलले, टेबल इतकं पुसलं की हाताची सालं निघाली. जंगलाच्या टोकाला, दोन खोल्यांच्या चौकीत आणखी काय करणार? कोरी स्वच्छ निघाल्याशिवाय मुख्य कार्यालय अहवाल घेत नाही, आणि अहवालाशिवाय जंगल बंद होत नाही. तोवर वनरक्षक म्हणून दादा रोज सकाळी आत जाणार. आधीचा वनरक्षक हरणांच्या याच रोगाचा ताप येऊन तीन दिवसांत गेला. मला रडू यायचं, पण रडायलाही अंगात त्राण उरलं नव्हतं.

दहाव्या दिवशी सोळावं भोक मोकळंच ठेवलं. ना नळी, ना पाणी.

पडद्यावर चमक दाखवणारी सोळावी रेघ तरीही वर चढली.

"दादा, नमुने नक्की कुठून उचलतोस रे?"

"कळप बसतो तिथून. गवत दबलेलं असतं ना." बूट काढता काढता तो थांबला. "चार ओळींत चार जागा. अगदी तुझ्या डबड्यासारख्या. पंधरा ठिकाणी लेंड्या असतात."

"आणि सोळावी?"

"नुसतं दबलेलं गवत." तो घुटमळला. "लांब जागा आहे गं. हरणाची नाही वाटत."

"उद्या जाऊ नकोस."

"मग उद्या काय, माझं डोकं तपासणार?"

दुसऱ्या दिवशी तो उशिरा आला. नमुने टेबलावर ठेवले आणि बाकावर आडवा झाला. मी ताजं पाणी भरून सोळावी नळी लावली.

दोन तासांनी पंधरा रेघा चढल्या. सोळावी तळाशी, सरळ.

"दादा! कोरी स्वच्छ निघाली! सुटलो रे!" मी तिथल्या तिथे अहवाल पाठवून दिला. "आता उद्यापासून आत पाऊल टाकायचं नाही."

"बरं झालं."

त्याचा आवाज फार थकलेला होता.

"आज ती जागा रिकामीच होती?"

"होती." त्याने डोळे मिटले. "इतका दमलो होतो गं. घटकाभर पडलो तिथे. बरोब्बर माझ्या मापाची निघाली."

तो कूस बदलून भिंतीकडे वळला. त्याच्या शर्टाच्या पाठीला ओलं गवत चिकटलं होतं, सगळं एकाच दिशेला दबलेलं.