दार उघडं ठेवजो

"तुह्या मनात कोन हाय?"

रागिणीनं विचारून टाकलं. एका दमात, डोळे घट्ट मिटून. मैत्रिणीनं, शाहीननं, पैजच तशी लावली होती — वलगावच्या बसथांब्यावर जो पोट्टा पहिला दिसेल त्याला हे विचारायचं, नाहीतर दह्यातला गिला वडा रागिणीकडून! आणि पहिला दिसला कोण, तर दोन गल्ल्या सोडून राहणारा, अमरावतीच्या शाळेत शिकणारा, आजवर एक शब्दही न बोललेला पियुष. मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन बसला होता, तान्ह्या बाळासारखं.

नेमका त्याच क्षणी ट्रॅक्टर गेला... फाटफाटफाट.

"मशीनात?" त्यानं वर पाहिलं. "आठ जीबी रॅम, ग्राफिक कार्ड वेगळं. पन काय फायदा? वीस मिनटं गेम चालला का बंद!"

शाहीन तोंडात ओढणी कोंबून मागे वळली. रागिणीनंही पळायला हवं होतं. पण त्या डोळ्यांत इतकं खरंखुरं दुःख होतं की तिचे पाय जागचे हललेच नाहीत.

"काहून बंद पडते?"

"तेच तं समजून नाही राहिलं. एकेक भाग अमरावतीहून, अकोल्याहून आनून मी सोता जोडला. आता तिसऱ्यांदा दुरुस्तीले नेऊन राहिलो. तिथं चालते. घरी आनलं का मरते."

"मी पाहू?"

"तुले येते?"

"नाही. पन तुलेही कुठं येते?"

तो हसला. डाव्या गालावर बारीकशी खळी... आणि रागिणीला उगाचच वाटलं, ट्रॅक्टर अजून गेलाच नाही, छातीतच फाटफाट चालू आहे.

*

खरं तर ती आधीच गोंधळलेली होती. दहावीला ब्याण्णव टक्के पडले आणि घरात एकदम सगळं ठरून गेलं. अकोल्याला मामाकडे राहायचं, डॉक्टरकीचा क्लास लावायचा. "वावरात काय ठेवलं हाय आता?" सूर्यभान, म्हणजे तिचे बाबा, म्हणाले होते. "रविवारी मामाले फोन करतो. तवर तुह्या मनात काय हाय ते सांगून दे, बाई."

मनात काय आहे? तेच तर सापडत नव्हतं! विचार करायला बसली की वीस मिनिटांत तिचंही बंद.

*

पियुषच्या घरी समोरच्या खोलीत कापूसच कापूस. भाव येईल तेव्हा विकू म्हणून दिवाळीपासून साठवलेला, पार आढ्याला टेकलेला. त्यातल्या एका कोपऱ्यात टेबल, टेबलावर मशीन. कापूस उडू नये, शेरडं शिरू नयेत म्हणून दार कायम लावलेलं.

रागिणी सकाळी सात वाजता पोचली, तशी पियुषची आई, माणिकबाई, लगबगीनं उठली. दाराचे दोन्ही पल्ले सताड उघडले आणि सुपात तांदूळ निवडायला घेऊन उंबरठ्यावर बसली. पोरगी घरात आली की दार उघडं... हे काय कोणी सांगायला हवं?

पियुषनं रॅम काढली, खोडरबरानं घासली, पुन्हा बसवली. गेम लावला. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली, तास झाला. मशीन मस्त चालू!

"झालं की दुरुस्त!" रागिणी टाळ्या पिटत घरी गेली. संध्याकाळी निरोप आला, तू गेली अन् बंद पडलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी विंडोज नवीन टाकलं, तरी तेच. ती असली की चालायचं, गेली की मरायचं.

"तू जादू करते का वं?" पियुषनं हळूच विचारलं.

"मी? मी तं नुसती बसतो."

"मंग बसत जाय नं..."

उंबरठ्यावरचं सूप थांबलं. माणिकबाई खाकरली. पियुष घाईघाईनं की-बोर्ड पुसू लागला — स्वच्छच होता तो. रागिणीचे कान तापले. हा मशीनसाठी बोलावतो आहे की... की माझ्यासाठी? आणि मी तरी कशासाठी येते?

बाप्पा, किती गोंधळ!

रात्रभर एकच प्रश्न. मी आले की त्या खोलीत नक्की काय बदलतं? मी बसते. तो लाजतो. आई तांदूळ निवडते... आणि दार!

शनिवारी ती उंबरठ्याबाहेरच थांबली. "मी आत नाही येत. घरी जातो. तू फक्त दार उघडं ठेवजो."

तासाभरानं पियुष अनवाणीच तिच्या अंगणात धावत आला.

"चाललं! रागिणी, तुह्याबिगर चाललं!"

आणि मग तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. एवढी आनंदाची बातमी, मग तिला हसू का येईना?

"म्हंजे दार लावलं का मशीन तापते," ती खाली बघत म्हणाली. "चाल, खोलू."

मशीनच्या आतला पंखा तर गरगर फिरत होता, म्हणून त्याच्याखाली कोणी पाहिलंच नव्हतं. रागिणीनं स्क्रू काढून तो उचलला. खाली जाळीवर कापसाच्या तुसाची जाडजूड गादी! वारा आत जाणार कुठून? तिनं ती अलगद उचकटली आणि बोलता बोलता, सवयीनं, तळहातावर वळून वातसुद्धा करून टाकली.

मशीन सुरू झालं. या वेळी दोघंही अंगणात थांबली आणि पियुषनं दोन्ही पल्ले लोटून पाहिले, दीड तास. बंद पडलं नाही.

"आता... दार लावलं तरी चालन," रागिणी म्हणाली.

"हाओ."

"म्हंजे माह्यामुळं नव्हतंच चालत."

पियुषनं तिच्या तळहातावरची वात उचलली, शर्टाच्या खिशात ठेवली. "दार तं तुह्याचमुळं उघडत होतं नं..."

*

रविवारी बाबांनी फोन हातात घेतला. "बोल बाई. मामाले काय सांगू?"

"अकोल्याले नाही जात मी, बाबा. अमरावतीच्या पॉलिटेक्निकले फॉर्म भरतो. कॉम्प्युटरले. बसनं जाईन-येईन."

आईचा, सुभद्राचा, कणकेतला हात थांबला. "माणिकबाईच्या पोट्ट्यापायी का वं?"

रागिणीनं मनात नीट डोकावून पाहिलं. खोटं बोलायचं नव्हतं.

"पोट्ट्याचं काय ते मले अजून समजून नाही राहिलं, आई," ती म्हणाली. "पन मशीनचं समजलं. तं मी मशीन शिकतो."