जतीनच्या बोटांवरचा जिवाणू

उधव्याची बाळंतीण, गंजाडचा शेतकरी आणि डहाणू रोडचा शिंपी या तिघांच्या रक्ताच्या नमुन्यांत एकाच आठवड्यात एकच जिवाणू सापडला. तिघे एकमेकांना ओळखत नव्हते. तिघांचाही ताप उतरलेला होता.

रक्त मात्र तिघांचेही जतीनने काढले होते. रुग्णालयात नवाच लागलेला हा तंत्रज्ञ मी प्रथम पाहिला तो माझ्या प्रयोगशाळेच्या दारात, संशयित म्हणून.

"निशिगंधा मॅडम ना? मेट्रनबाई म्हणतात, दोष माझ्या हातांचा निघाला तर उद्यापासून घरी बसा."

"हात पुढे करा."

"भविष्य सांगणार?"

"जिवाणू वाढवणार."

मी त्याची बोटे एकेक करून आगरच्या, म्हणजे जिवाणूंच्या खाद्याच्या, प्लेटवर टेकवली... आवश्यकतेपेक्षा किंचित अधिक वेळ. हेही नमूद केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी प्लेटवर पांढुरके ठिपके उगवले. त्यातला कणभर मी पोलादी पट्टीवर पसरला, वर रसायनाचा थेंब सोडला आणि पट्टी यंत्रात सरकवली.

"आता काय होणार?" तो माझ्या खांद्यामागून वाकून बघत होता.

"लेझरचा मारा. प्रथिने सुटतील आणि निर्वात नळीतून धावत सुटतील. हलकी आधी पोचतात, जड मागाहून. कोण केव्हा पोचलं, त्यावरून नाव ठरतं."

पडद्यावर शिखरे उमटू लागली. मी हे रोज पाहते, तरीही दर वेळी श्वास थबकतो. डोळ्यांना न दिसणारा एक जीव, आणि क्षणभरात त्याची ओळख पटते! जतीन पडद्याच्या आणखी जवळ सरकला.

"देवाशपथ..." तो पुटपुटला.

"देवाचा संबंध नाही," मी म्हटले. पण आवाज माझाही खाली आला होता.

नाव आले: स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस.

"सगळ्यांच्याच त्वचेवर असतो. साधा, निरुपद्रवी."

"माझ्यासारखाच की!"

"तेवढं यंत्राला कळत नाही."

रुग्णांच्या नमुन्यांतला होता बॅसिलस सेरियस. हात निर्दोष होते. मग तो आला कुठून?

"सुई टोचण्याआधी काय करता? काही गाळू नका."

"पाकिटातल्या निर्जंतुक स्वॅबच्या चौकोनाने पुसतो, सगळ्यांसारखंच. मग... बरणीतल्या स्पिरिटच्या कापसाने पुन्हा एकदा. दिवसभर राबलेली माणसं असतात, मॅडम. तेवढ्याशा चौकोनाने कसं भागेल?"

"बरणी कधी धुतली?"

"स्पिरिटची बरणी कशाला धुवायची? कमी झालं की वरून ओततात."

बरणीतला कापूस मी प्लेटवर फिरवला. दुसऱ्या सकाळी यंत्राने रुग्णांच्या नमुन्यांतल्या जिवाणूचीच शिखरे काढली. मी वॉर्डला फोन लावला. त्या नमुन्यावरून सुरू केलेली बाळंतिणीची प्रतिजैविकांची इंजेक्शने थांबली, जतीनची नोकरी राहिली. मग, कोणतेही शास्त्रीय प्रयोजन नसताना, मी त्याचा हात धरला.

"कारण सांगा ना," तो हळूच म्हणाला.

"सेरियसचे कवचबंद बीजाणू स्पिरिटमध्ये मरत नाहीत. न धुतलेल्या बरणीतून ते कापसावर आले, कापसावरून त्वचेवर, आणि सुईबरोबर नमुन्यात. रुग्णांच्या रक्तात ते नव्हतेच."

"ते कळलं. हात धरलाय, त्याचं?"

"तुम्ही मला आवडता."