आधी कुणी हाणायचं?

"जो आधी वार करतो तोच जगतो! आणि जो समोरच्याची वाट बघत बसतो, त्याची बायकामुलं उघड्यावर पडतात!"

हे सत्य रंगरावांनी कासारवाडीच्या आपल्या दोन खोल्यांच्या दारात उभं राहून, उजव्या हातानं काठी उगारून जगाला सांगितलं. डाव्या हातानं त्यांना पायजमा धरावा लागत होता, कारण घाईत नाडी आत गेली होती, आणि दुर्गाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसत दाभण शोधत होत्या.

अंगणात पिंपरीच्या कारखान्यातून पहिली शिफ्ट करून आलेली मंडळी जमली होती. काठ्या होत्या, पान्हे होते, एकानं तर सायकलचा पंप आणला होता. सगळे रंगरावांसारखेच, मराठवाडा सोडून इकडे पोटासाठी आलेले. आणि सगळे मारुतरावाच्या जागेत, त्याच्या तोंडी शब्दावर राहणारे. मारुतराव गावचा जुना शेतकरी. कारखाने येऊ लागले तसा जागेला भाव आला, आणि आपला शब्द फार स्वस्तात गेला असं त्याला वाटू लागलं होतं. आज दुपारी दूध घालणाऱ्या गोजाबाईनं ती बातमी आणली...

"अवो, माझी जाऊ सांगत व्हती, मारुतरावाच्या गोठ्याम्होरं मानसं जमल्याती! पहारी हायेत, कुदळी हायेत... तुमच्या खोल्या मोकळ्या करनार म्हनं उद्याच्याला! रंगरावाच्या खोलीपासनं सुरवात!"

"मग आपण आजच जायचं!" रंगराव गरजले. "ते च्या पीत बसलेत तोवर! पोलीस अ‍ॅक्शन!"

हैदराबादेत फौज शिरली होती, पण सरकार तिला पोलीस अ‍ॅक्शन म्हणालं, तेव्हापासून रंगराव कुठल्याही मारामारीला ती सुरू होण्याआधी हेच नाव देत.

आत खिडकीपाशी हातमशीनवर एक परकर शिवत त्यांचा धाकटा भाऊ ज्योतीराम बसला होता. त्याचा डावा पाय गुडघ्यातून वळत नसे. त्या पायामुळे कारखान्याच्या डॉक्टरनं त्याला दारातूनच परत पाठवलं, त्या पायामुळे त्याचं लग्न मोडलं. पण त्याच्या तोंडून कधी एक कडू शब्द निघाला नव्हता. मात्र या क्षणी त्याच्या अंतःकरणात असं काही उसळत होतं की, परकराची शिवण सरळ जाईना!

"गड्यांनो," बाहेर दादाचा आवाज चढत होता, "रझाकार गावंच्या गावं जाळत होते, तवर दिल्ली बोलणी करत बसली! फौज घुसली तेव्हाच आपण सुटलो का नाही? अन् आज गोव्यात काय चाललंय? हात जोडून गेलेल्या सत्याग्रहींवर गोळ्या घातल्या! तरी दिल्ली म्हणते, थांबा! मी थांबलो होतो का त्या पहाटे ओढ्यावर?"

ओढ्याची गोष्ट अंगणाला पाठ होती. ज्वारीतून येणारा खाकी सदऱ्यातला रझाकार रंगरावांनी गोफणीच्या एका दगडात कसा लोळवला, आणि गावानं त्यांना खांद्यावर घेऊन कसं नाचवलं! मग चहाचा एक घोट घेऊन ते दुसरी गोष्ट सांगत: त्या नराधमांनी आपल्या निष्पाप धाकट्या भावाचा पाय कसा मोडला! या दोन्ही गोष्टी एकाच पहाटे, एकाच ओढ्याकाठी घडल्या होत्या. पण सांगताना मध्ये चहा येत असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

दोघांच्या आलं होतं. एक ज्योतीराम, आणि दुसऱ्या आता दाभण सापडूनही हातात तसंच धरून उभ्या राहिलेल्या दुर्गाबाई.

ज्योतीराम भिंतीला धरून उठला आणि पाय ओढत दारात आडवा उभा राहिला.

"दादा, जाऊ नकोस."

"बाजूला हो, ज्योती! तुझ्या या मोडक्या पायाची शपथ घेऊन निघालोय मी!"

"त्या पायाची शपथ घेऊ नको रे, दादा..." ज्योतीराम म्हणाला. "तो पाय तू मोडलास!"

पंपवाल्यानं पंप खाली ठेवला.

"काय बोलायलास तू?"

"रझाकारांनी मला ठाण्यात कोंडलं होतं. सकाळी गोळ्या घालणार होते. रात्रीतून फौज जवळ आली अन् ते अंगावरचे कपडे फेकून पळाले. मी उघडाच होतो. पडलेला एक सदरा चढवला अन् धावत सुटलो... तुला सांगायला, की दादा, संपलं सगळं, आपण सुटलो! ज्वारीतून हाक मारणार, तेवढ्यात तुझा दगड आला."

"खोटं! खोटं आहे हे!" रंगरावांनी बायकोकडे पाहिलं. ती मान हलवेल, नाही म्हणेल, या आशेनं पाहिलं...

"खोटं नाही हो," दुर्गाबाईंना हुंदका आवरेना. "तुम्ही गावाला सांगायला धावलात, अन् भावजी मला ज्वारीत सापडले. तो खाकी सदरा मीच चुलीत घातला. भावजी विव्हळत होते, तरी म्हणाले, वहिनी, दादाला कळलं तर दादा जगायचा नाही!"

"सात वर्षं... सात वर्षं तू गप्प राहिलास, ज्योती?"

"गावानं तुला खांद्यावर घेतलं होतं, दादा. तुला खाली उतरवणं माझ्यानं झालं नाही."

रंगरावांचा चेहरा राखेसारखा झाला. तरी वाद हरणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "म्हणजे... फौज आली ते चुकलं म्हणतोस? आधी हाणणं चूक?"

"फौज आधी घुसली म्हणून मी जिवंत आहे. तू आधी हाणलंस म्हणून मी लंगडा आहे. मशीन फिरवताना रोज या दोन्हींची शिवण जुळवायला बघतो, दादा... नाही जुळत! पण आज तू ज्यांना हाणायला निघालास, त्यांना तू बघितलंसुद्धा नाहीस. गोजाबाईंच्या जावेनं ऐकलंय."

"जावंनं न्हाई," गोजाबाई प्रामाणिकपणे म्हणाली, "जावंच्या भावानं."

काठी खाडकन खाली पडली! रंगराव, ज्यांनी आयुष्यात धाकट्यांचे नमस्कारच घेतले होते, ते गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी त्यांनी तो न वळणारा पाय छातीशी कवटाळला. दुर्गाबाईंनी प्रसंगावधान राखून मागून पायजमा धरला.

"मार मला, ज्योती! त्याच गोफणीनं मार!"

"दादा, ऊठ रे! लोक बघायलेत..."

लोक बघत नव्हते. लोक रडत होते. पान्हे पिशव्यांत गेले, काठ्या भिंतीला लागल्या. दोघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि इतक्या वर्षांचं किल्मिष त्या अश्रूंच्या महापुरात वाहून गेलं! सगळ्या अंगणाला दुर्गाबाईंनी चहा केला. रंगरावांनी तो एकही गोष्ट न सांगता प्यायला.

"म्हंजी जायाचं न्हाई का आता?" दुधाची रिकामी कासंडी उचलत गोजाबाईनं विचारलं.

"जायचं," रंगराव नाक पुसत म्हणाले, "पण हात रिकामे ठेवून. उद्या शिफ्ट सुटली की मी अन् ज्योती जाऊ. मारुतराव काही राक्षस नाही. समोर बसून बोलू. माणूस आहे, ऐकेल!"

"असंच करा, राव," मंडळी म्हणाली, आणि हलक्या मनानं आपापल्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सगळे शिफ्टवर असताना मारुतराव माणसं घेऊन आला आणि त्यानं रंगरावांच्या खोल्यांवरची कौलं उतरवून नेली.