तिसऱ्या धुण्याचं पाणी

"कुणी मारली माझी वांगी? समोर या!"

शिवकन्याचा आवाज असा फुटला की पत्र्यावरची चिमणी भुर्रकन उडाली, शेळीनं तोंडातला पाला टाकला आणि नुकताच बाजेवर उठून बसलेला त्रिंबक परत आडवा झाला.

"मी नाही! मी झोपलो होतो!" तो गोधडीतूनच ओरडला.

त्रिंबक म्हणजे शिवकन्याच्या मामाचा मुलगा. बीडच्या शाळेत यंदा सातवी पास झाला होता आणि उन्हाळ्याच्या सुट्टीला खडकवस्तीवर आला होता. शिवकन्या त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आणि रागानं वीस वर्षांनी!

"तुला कोण म्हनतंय, येड्या? उठ आन् बघ इकडं!"

अंगणात जुन्या लुगड्याच्या सावलीखाली तिची बाग होती. बाग म्हणजे काय? तेलाचे पत्र्याचे डबे, एक फुटका रांजण, बिनकानाची कढई, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. त्यात वांगी, मिरच्या, मेथी, पुदिना, ओवा. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, रानात गवताची काडी नव्हती, पण शिवकन्याच्या डब्यातली मिरची हिरवीगार! वस्तीवरच्या बाया मुद्दाम बघायला यायच्या.

आज मात्र निम्मी बाग भाजली होती. पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळल्या होत्या, तव्यावर विसरलेल्या पापडासारख्या.

"रोग पडला," त्रिंबक डोळे चोळत म्हणाला. "आमच्या पुस्तकात आहे. बुरशीजन्य रोग."

"न्हाई, नजर लागली," कुंपणावरून आवाज आला. तो शेजारचा सटवा. वय दहा, भूक चार माणसांची. "आता वांगी मरनारच हायती, तर भरीत करू का?"

"तुझंच भरीत करीन!"

तेवढ्यात शिवकन्या गप्प झाली. ती गप्प झाली की समजावं, तिला काहीतरी दिसलं. ती डब्यांमधून वाकून चालत गेली, परत आली, परत गेली.

"रोग आसता तर सगळीकडं आसता," ती म्हणाली. "चुलीकडची रांग बघ. ठणठणीत! तिला आमी तांदूळ-भाजी धुतलेलं पानी घालतो. कुंपनाकडच्या रांगंला डेअरीचं. आन् जळली ती फकस्त डेअरीची!"

डेअरीचं पाणी ही तिचीच युक्ती होती. गावच्या दूध संस्थेत रामहरीकाका सगळंच बघायचे. दूध मोजणं, लिहिणं, कॅन धुणं. कॅन तीनदा धुवायचा नियम. पहिलं धुणं साध्या पाण्याचं. ते दुधाळ पाणी काकांच्या शेळ्या प्यायच्या. दुसरं धुण्याच्या सोड्याचं, ते नालीत. तिसरं निव्वळ चांगल्या पाण्याचं. तेही नालीतच जायचं, तर हिवाळ्यात शिवकन्या कंबरेवर हात ठेवून म्हणाली होती, "काका, नालीला काय वांगी लागनारेत? मला द्या!" तेव्हापासून रोज दोन डबे पाणी तिला, आणि आठवड्याला एक कोथिंबिरीची जुडी काकूंना.

"आणि डब्यांच्या काठावर हे पांढरं काय?" त्रिंबकनं मातीवरची पापडी नखानं उकरली.

उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. फाटकातून कौशल्याबाई आत आल्या. शिवकन्याची आई. सकाळी दूध घालायला गेलेली चरवी तशीच भरलेली डोक्यावर. डोळे लाल.

"माय! दूध कावून परत आनलंस?"

"घेतलं न्हाई." कौशल्याबाई उंबऱ्यावर बसल्या. "तालुक्याहून फोन आलता म्हनं. तीन दिस झाले, आपल्या गावच्या दुधात सोडा सापडायलाय. नासकं दूध लपवायला कुनीतरी सोडा टाकतंय म्हनतेत. आन् सगळ्यात नवं खातं आपलं..."

"म्हंजे आपन टाकतो?"

"उद्या सकाळी धाला चेरमनच्या ओट्यावर बैठक हाय. आपलं नाव काढनार."

सटवासुद्धा भरीत विसरला. गाय दावणीला शांतपणे रवंथ करत होती, तिला काय ठाऊक! दर वर्षी दिवाळी झाली की सगळी वस्ती कोयते घेऊन ऊसतोडीला जायची. शिवकन्या दोन हंगाम गेली होती. सातवीची शाळा तिथंच सुटली. गाय आली आणि यंदा पहिल्यांदा कोयता आढ्याला लटकून राहिला. संस्थेनं दूध घेतलं तर गाय राहणार. गाय राहिली तर कोयता आढ्यालाच राहणार. नाहीतर...

"मी जाते आन् त्या रामहरीकाकाला..." शिवकन्या उठलीच.

आईनं तिचा हात धरला. "भांडून आजवर काय मिळालं गं तुला?"

शिवकन्यानं खाली बसता बसता कढईला एक लाथ मारली. कढईला काही झालं नाही. पायाला झालं.

दुपारी ऊन रणरणत होतं. जळकी झाडं उपटून डबे रिकामे करायचं काम तिघांनी काढलं. कोपऱ्यात एका गोणीत हळद लावलेली होती. तिची पानं केव्हाच वाळली होती.

"हे बी मेलं," म्हणत सटवानं गोणी पालथी केली. खाली गड्डे! मातीत माखलेले, जाडजूड.

"मेलं न्हाई रे, काढनीला आलंय!" शिवकन्या हसली, सकाळपासून पहिल्यांदा.

सटवानं एक गड्डा मोडून बघितला, दुसरा चावून बघितला, थुंकला आणि दोन्ही तळवे पिवळेजर्द करून घेतले. मग ते धुवायला डेअरीच्या डब्यात बुडवले.

"मायऽऽ! रगत! मेलो!"

तो हात झटकत अंगणभर पळायला लागला. शिवकन्या धावली, त्रिंबक धावला. हात खरंच लाल! पण कापलेलं कुठंच नाही.

"दुखतंय का बे?" त्रिंबकनं विचारलं.

"न्हाई."

"मग ओरडतोस कशाला?"

"रगत दिसल्यावर काय गानं म्हनू का?"

शिवकन्या मात्र हाताकडं टक लावून बघत होती. "हळद लाल झाली... त्रिंबक, मागं हळदीच्या कार्यक्रमात तुझ्या सदऱ्यावर डाग पडला व्हता, ध्येनात हाय? मामीनं साबन लावला आन्..."

"लाल झाला! आई म्हणाली होती, साबण-सोडा लागला की हळद लाल होते!"

शिवकन्यानं गड्ड्याचा तुकडा ठेचला आणि दोन वाट्यांत टाकला. एका वाटीत माठातलं पाणी. पिवळंच राहिलं. दुसरीत डेअरीच्या डब्यातलं. बघता बघता विटकरी लाल!

तिघंही वाट्यांवर डोकी आपटेपर्यंत वाकली.

"म्हंजे आपल्याला मिळतंय ते तिसरं धुनं न्हाईच," शिवकन्या हळूच म्हणाली. "हे दुसरं हाय. सोड्याचं. आन् तिसरं होतच नसंल तर..."

"तर कॅनच्या बुडाशी सोडा राहतो!" त्रिंबक उडालाच. "त्यातच सगळ्या गावाचं दूध!"

"म्हंजे आख्खं गाव सोडा पितंय?" सटवानं विचारलं. "तरीच माझं पोट डरडर करायलंय!"

"तू काल सात भाकरी खाल्ल्या म्हनून!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिघं डेअरीसमोरच्या बाभळीमागं दबा धरून बसली. टेम्पो दूध घेऊन गेला होता, रिकामे कॅन ठेवून. रामहरीकाकांनी बाही सरकवली. पहिलं धुणं, शेळ्यांना. दुसरं धुणं, सोड्याचं. त्यातलं थोडं नालीत, थोडं शिवकन्याच्या डब्यांत! मग काकांनी कॅन जेमतेम तिरपे केले, झाकणं लावली आणि बिडी पेटवली.

"तिसरं?" त्रिंबक कुजबुजला.

चांगल्या पाण्याचा बॅरल भिंतीशी उभा होता. त्यावर लाल रंगात 'दूध संस्था' लिहिलेलं. काकांनी तो हातगाड्यावर चढवला आणि ढकलत ढकलत रस्त्यापलीकडं नेला, थेट चेअरमन सुंदररावांच्या ओट्यावर.

ओट्यावर चाळीस कुंड्या होत्या. रंगीत पानांची शोभेची झाडं, एकसारखी मांडलेली. सगळ्या गावात तेवढंच हिरवं! काका तांब्या तांब्यानं पाणी घालू लागले.

शिवकन्याच्या कानशिलाची शीर उडायला लागली. "माझ्या मायला चोर ठरवायलेत, आन् पानी ह्या बिनफळाच्या झाडांना? सोड, त्रिंबक! सोड मला!"

"आत्ता गेलीस तर काका कॅन धुऊन टाकतील, आणि आपण खोटे पडू," त्रिंबकनं तिची ओढणी दोन्ही हातांनी धरली होती. "दोन तास कळ काढ. फक्त दोन तास!"

"दोन तास? ही दोन मिनिटं गप बसली तर मी भाकरी सोडीन!" सटवा म्हणाला.

पण शिवकन्यानं कळ काढली. ओठ दाबून, मुठी आवळून.

दहाला ओट्यावर बैठक भरली. सतरंजीवर संस्थेचे पाच-सहा सभासद, मध्ये सुंदरराव. कडेला वत्सलाबाई, संचालक मंडळातल्या एकट्या बाई. आणि पायरीशी कौशल्याबाई, चरवी मांडीवर धरून.

"कौशल्याबाई, आमचा बी नाइलाज हाय," सुंदरराव घसा खाकरून म्हणाले. "संस्थेची अब्रू..."

"चेरमनसाब, मी एक इचारू का?"

सगळ्यांनी वळून बघितलं. शिवकन्या! आणि आवाज कसा? साखरेत घोळलेला. सटवाचं तोंड उघडंच राहिलं.

"रामहरीकाका, कॅन तीनदा धुतात ना?"

"तीनदा म्हंजे तीनदा! मोजून!" काकांनी छाती फुगवली.

"आज बी?"

"आज बी! लखलखीत!"

"आन् झाकन लावल्यावर कुनी हात लावला नसंल?"

"कुलूप हाय डेअरीला. किल्ली ही माझ्या करगोट्याला!"

"मग काका, एक कॅन तुमीच आना ना. आमी हात लावत न्हाई."

काका बुचकळ्यात पडले, पण सगळे बघत होते. गेले, कॅन आणला. शिवकन्यानं ओढणीच्या गाठीतून ठेचलेली हळद काढली आणि वत्सलाबाईंसमोर दोन पेले ठेवले.

"ह्यात मायच्या चरवीतलं दूध वता, मावशी. आन् ह्यात कॅनच्या बुडाशी जे ऱ्हायलंय ते."

वत्सलाबाईंनी आधी दूध ओतलं. हळद पडली. दूध पिवळं झालं, लग्नातल्या अक्षतांसारखं. मग त्यांनी कॅन उपडा केला. पेलाभर पाणी निघालं. त्यात हळद पडली आणि...

"अगं बया! लाल!"

"सोडा हाय तो!" शिवकन्याचा आवाज आता नेहमीसारखा झाला. साखर संपली! "माझ्या मायनं न्हाई टाकला. कॅनलाच लागलेला हाय! रांगभर वांगी जळली माझी त्यानं!"

रामहरीकाकांच्या कपाळावर घाम. "आता... पान्याची टंचाई... तिसऱ्या धुन्याला पानी कुठून आनू मी?"

"आरं, टँकरमधून संस्थेला बॅरल सोडतोत की आपन!" सुंदरराव गरजले. "तो कुठं जातो?"

रामहरीकाका जमिनीकडं बघत होते.

"तुमच्या मागं हाय, चेरमनसाब," शिवकन्या म्हणाली.

सुंदररावांनी मान वळवली. कुंड्यांच्या रांगेमागं बॅरल उभा होता. लाल अक्षरात 'दूध संस्था'.

"तुमीच म्हनलात ना, आठ दिवसांनी जिल्ह्याचे पुढारी येनारेत, एक बी कुंडी सुकली तर तुझी खैर न्हाई!" काका रडवेले झाले. "कुठून पानी घालायचं ते मात्र तुमी सांगितलंच न्हाई!"

"आन् मी इचारलंच न्हाई," सुंदरराव हळू आवाजात म्हणाले. त्यांचा चेहरा पेल्यातल्या हळदीसारखा झाला होता. दुसऱ्या पेल्यातल्या! ते उठले, पायरी उतरले आणि कौशल्याबाईंसमोर उभे राहिले. "बाई, चूक आमची. तालुक्याला मी सोता फोन करतो. तुमचं नाव हाय तिथंच ऱ्हाईल. कालचं दूध बी आमी भरून देऊ."

कौशल्याबाईंनी पदर डोळ्याला लावला. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखा त्यांनी श्वास सोडला. इतका मोठा की शेजारी बसलेल्या सटवाचे केस उडाले, असं तो अजून सांगतो.

"पोरांनो, शाब्बास!" वत्सलाबाई म्हणाल्या. "मोठाल्या मान्सांना कळलं न्हाई ते तुमाला कळलं. कुनाची अक्कल ही?"

"डोळे शिवकन्याचे," त्रिंबक म्हणाला.

"हात माझे!" सटवानं लालसर तळवे वर केले.

"इतकं डोकं हाय, तर शाळा कावून सोडलीस गं पोरी?" वत्सलाबाईंनी विचारलं.

शिवकन्यानं आईकडं बघितलं. उत्तर आईनं दिलं.

"कोयत्याला गेलतो मावशी, म्हनून सुटली. आता गाय हाय. जूनला घालते परत."

शिवकन्यानं झटकन तोंड फिरवलं. डोळ्यात कचरा गेला होता म्हणे.

बैठकीनंतर चौथ्या दिवशी सकाळी रामहरीकाका स्वतः दोन डबे घेऊन अंगणात आले. "तिसरं धुनं हाय, पोरी. आईची आन!"

शिवकन्यानं आन ऐकली आणि तरीही हळदीचा तुकडा काढला. काका ओशाळून हसले. त्रिंबक आणि सटवा दोन्हीकडून वाकले. चिमूटभर हळद डब्यात पडली, पसरली, बुडाशी गेली.

कुंपणाकडच्या रांगेत, चांगल्या पाण्यानं दोनदा माती धुऊन काढलेल्या डब्यात, उपटायच्या राहिलेल्या वांग्याच्या जळक्या खोडाला उडदाच्या दाण्याएवढं हिरवं फुटलं होतं.

"काय झालं? लाल का?" आईनं चुलीपासून विचारलं.

"न्हाई माय," शिवकन्या म्हणाली आणि डबा उचलला. "पिवळीच हाय!"