हिरवा कोपरा

माळी झुडपातून उलटा चालत बाहेर आला. कोयता त्याने आतच टाकला होता आणि रुमाल नाकावर घट्ट धरला होता. कुंपणाशी वाकून त्याने आधी सकाळचं खाल्लेलं सगळं बाहेर काढलं, मग बोलला, "बाई, आत काहीतरी मेलंय. मी काही त्या कोपऱ्यात जायचा नाही."

फौजदारबाई स्वतः गेल्या. नोकरीत त्यांनी गटारातून, गोणपाटातून माणसं बाहेर काढलेली होती, तेव्हा वासाचं त्यांना फारसं अप्रूप नव्हतं. तरी या वासाला त्यांनीही नाक दाबलं. कर्दळीच्या मुळाशी एक भलीमोठी घूस फुगून पडली होती. त्यांनी ती फावड्याने उचलली, लांब नेऊन पुरली, वर चुना टाकला.

वास मात्र गेला नाही.

हे घर त्यांनी निवृत्तीनंतर घेतलं होतं. सगळी नोकरी क्वार्टरमध्ये गेलेली, बागेची हौस खिडकीतल्या कुंड्यांवर भागवलेली. इथे मागच्या दारात उभं राहिलं तर कुंपणाची भिंतही दिसत नव्हती, एवढं रान माजलं होतं. बाईंनी मोठ्या कागदावर बागेचा नकाशा काढून स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवला. फाटकाजवळ फुलझाडं, मधे विहीर, विहिरीपलीकडे भाजीचे वाफे. शेजाऱ्याच्या भिंतीलगतच्या वरच्या कोपऱ्यात, जिथून माळी पळाला तिथेच, खताचा खड्डा. जमिनीला त्या कोपऱ्याकडून विहिरीकडे उतार होता, म्हणून उताराच्या बाजूला त्यांनी बाण काढून ठेवले.

"आधी चोर पकडायला नकाशे काढायचीस, आता भेंड्या पकडायला काढ," असं त्यांच्या सासूबाईंनी ऐकवलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण सासू-सुनेचं कधी फाटलं नव्हतं. भांडणंही दोघींची सवयीची होती. नवीन घरातलं भांडण पाण्यावरून होतं. फौजदारबाई नळाचं पाणी प्यायच्या. सासूबाईंना त्याला औषधाचा वास येई. त्यांना विहिरीचंच पाणी लागे, त्यांचा चहाही त्याच पाण्याचा.

नव्या घरात आल्यापासून सासूबाईंचं पोट बिघडलेलं होतं. उलट्या, जुलाब, ताप. दवाखान्यात सलाइन लावलं की बऱ्या व्हायच्या, घरी आल्या की आठवड्यात पुन्हा अंथरुणाला. डॉक्टर म्हणाले, खाण्यापिण्यातून काहीतरी जातंय, या वयात असं आणखी एकदा झालं तर सांगता येत नाही. फौजदारबाईंनी भांडी उकळली, भाजीवाला बदलला. विहिरीत वाकून पाहिलं. पाणी आरशासारखं स्वच्छ होतं.

आणि शेजारी तर अमृत आहे म्हणून त्या पाण्याचं गुणगान गायचा.

या शेजाऱ्याला सासूबाईंनी पहिल्या दिवशीच 'सल्लागार' असं नाव ठेवलं होतं. सामान उतरायच्या आत तो हजर झाला होता. हसतमुख, गुळगुळीत दाढीचा, कपड्यांची इस्त्री न मोडणारा. कुठला माळी घ्यावा, कुठली रोपं लावावीत, सगळं त्याला ठाऊक. नकाशा बघून त्याने पेन्सिल मागून घेतली आणि वरच्या कोपऱ्यावर रेघोट्या मारल्या. "एवढा भाग मात्र सोडा, ताई. साप आहेत तिथे." पुढच्या खेपेला म्हणाला, तिथे पक्षी घरटी करतात, पाप कशाला घ्या. त्यानंतर म्हणाला, ती झाडी गेली तर तुमच्या घराचा आडोसा जाईल.

एका कोपऱ्याला एवढी कारणं लागतात म्हणजे त्यातलं एकही खरं नसावं, असं फौजदारबाईंच्या मनात येऊन गेलं. पण माणूस अघळपघळ आहे म्हणून त्यांनी सोडून दिलं.

चहा मात्र तो कधी घेत नसे. पित्त होतं म्हणायचा.

सासूबाई दुसऱ्यांदा दवाखान्यातून आल्या, तेव्हा त्याने फौजदारबाईंना बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. या घरात आधी एक शिक्षिका राहायच्या. एकट्या. त्यांनाही अगदी हेच झालं होतं, आणि त्यातच त्या गेल्या. त्यांना डबा आणायची त्यांची भाची. भाची स्वतः कधी इथे घोटभर पाणीही प्यायची नाही, आणि बाई गेल्यावर घर तिलाच मिळालं. "मी कुणावर आरोप करत नाही," तो म्हणाला. "पण गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. तिच्या हाताचं कुणी काही खात नाही."

ते घर भाचीनेच फौजदारबाईंना विकलं होतं. आरोप करत नाही असं म्हणून आरोप करणारी माणसं बाईंनी उभ्या नोकरीत पाहिलेली होती आणि त्यांची त्यांना किळस होती. तरी दुसऱ्या दिवशी त्या भाचीकडे गेल्या. विचारल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही, ही त्यांची जुनी रीत.

भाची एका शिवणकामाच्या दुकानात कपडे बेतायची. पस्तिशीची, उभ्या-उभ्या बोलणारी. बाईंना पाहून तिचा चेहरा पडला.

"मावशीकडे तू पाणीही प्यायची नाहीस, हे खरं?"

"खरं आहे, मॅडम. दुकानातून धावत जायचे, डबा ठेवायचे, दुकानात परत. बाटली माझ्या पिशवीत असायची."

"मावशी कुठलं पाणी प्यायची?"

"विहिरीचं. आयुष्यभर तेच."

"आधी कधी त्रास झाला?"

"कधीच नाही. शेवटच्या दोन वर्षांतच."

"त्या दोन वर्षांत घरात नवीन काय झालं?"

"घरात काही नाही. गुडघे गेल्यामुळे तिला बागेत जाता येईना, म्हणून रान वाढलं. मी माणूस लावून साफ करून घेणार होते. शेजारचे काका नको म्हणाले."

"ते मावशीकडे यायचे?"

"रोज. सकाळचा चहा आमच्याकडेच असायचा. नंतर त्यांनी घरावर मजला चढवला, खोल्या भाड्याने दिल्या, त्यानंतर त्यांचा चहा बंद झाला. पित्ताचं निघालं म्हणे." ती थांबली. "शेवटी शेवटी मावशी मला..." मग मान हलवून तिने कात्री उचलली. फौजदारबाईंनी तिला पुढे विचारलं नाही.

घरी परतल्या तर सासूबाई अंगणात टोपली घेऊन बसल्या होत्या. टोपलीत लालभडक टोमॅटो. माळ्याने नाक बांधून, जास्तीची मजुरी कबूल करून घेऊन कोपऱ्याची कड तोडली होती आणि आत ही झाडं निघाली होती. कुणी न लावता आलेली, गुडघ्याच्या वर गेलेली, फळांनी वाकलेली. बाकीची बाग उन्हाळ्याने करपून गेली होती, पाण्याचा थेंब कुठे नव्हता. तो कोपरा तेवढा हिरवागार होता.

कुंपणावरून सल्लागार डोकावला. सासूबाईंनी कौतुकाने टोपली पुढे केली. त्याने हात असा मागे घेतला, जणू टोपलीत विंचूच होता. टोमॅटोने सांधे धरतात, तो म्हणाला, आणि लगबगीने आत गेला.

फौजदारबाई टोपलीकडे बघत राहिल्या. टोपली त्यांनी सासूबाईंच्या हातातून काढून घेतली आणि घुशीच्या शेजारी पुरून टाकली. त्या दिवसापासून घरात विहिरीचं पाणी बंद झालं. सासूबाईंनी आकांडतांडव केलं, पण सुनेचा चेहरा बघून शेवटी नळाचं पाणी प्यायल्या.

एका दुपारी फौजदारबाईंनी शेजारचं दार वाजवलं. आमच्या बाथरूमचं काम काढलंय, तुमचं जरा वापरू का, म्हणाल्या. नाही म्हणायची सोय नव्हती. सल्लागार जेवायला बसला होता. ताटात टोमॅटोच्या चकत्या, शेजारी वाफाळता चहाचा कप. बाईंनी ते पाहिलं, पण त्यांनी पाहिल्याचं त्याच्या लक्षात आलं नाही. अंगणात नव्या कोऱ्या फरश्या चकचकत होत्या. संडासात जाऊन त्यांनी पिशवीतून एक पुडी काढली, आत ओतली आणि बादलीभर पाणी सोडलं. विटलेल्या कपड्यांना देतात तो गडद गुलाबी रंग होता.

दोन दिवस त्या मागच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी आरोग्य खात्याच्या निरीक्षकाला, भाचीला आणि समोरच्या काकूंना बोलावून घेतलं. या काकूंच्या कानावर पडलेलं काही गल्लीत वेगळं कुणाला सांगावं लागत नसे. सल्लागाराला बोलवायची गरज पडली नाही, चार माणसं दिसल्यावर तो आपणहून आला. माळ्याने कर्दळ मुळापासून उपटली होती. खाली काळाकुट्ट चिखल होता, त्यावर माश्यांचा थर, आणि चिखलातून गुलाबी पाणी झिरपत होतं.

काकूंनी पदर नाकाला लावला.

"इथे पाणी कुठून येतं, हे मला पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं," फौजदारबाई म्हणाल्या. "घूस सापडली आणि मी फसले. उन्हाळ्यात सगळी बाग वाळलेली, मग इथेच एवढं रान कसं? आणि टोमॅटो लावले कुणी? कुणीच नाही. टोमॅटोचं बी पोटात पचत नाही. माणसाच्या पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं आणि जिथे पडेल तिथे उगवतं. हा रंग मी परवा यांच्या संडासात टाकला होता."

माळ्याने कुदळ घातली. भिंतीखालून आलेल्या जाड पाइपचं तोंड उघडं पडलं. त्यातून जे बाहेर आलं ते बघून निरीक्षकही दोन पावलं मागे सरला.

"यांनी मजला चढवला, भाडेकरू ठेवले. मैल्याची टाकी पुरेना. नवा खड्डा खणायचा तर अंगणातल्या फरश्या फोडाव्या लागल्या असत्या. शेजारी म्हातारी एकटी, गुडघ्यांनी अधू, बागेत फिरकत नाही. यांनी भिंतीखालून पाइप काढून दिला तिच्या बागेत. उतार थेट विहिरीकडे."

त्यांनी विहिरीतून काढलेली बादली पुढे ओढली. पाण्याला अगदी फिकी, पण डोळ्यांना दिसेल अशी गुलाबी झाक होती.

सल्लागाराच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. "झिरपत विहिरीपर्यंत जाईल, याची मला काय कल्पना? मी काय कुणाला विष दिलं?"

फौजदारबाईंनी पेला बादलीत बुडवला आणि त्याच्यासमोर धरला. "अमृत आहे म्हणाला होतात. घ्या."

त्याने हात पुढे केला नाही.

"पाइप टाकलात तेव्हा कल्पना नसेल. पण या घरचा चहा सोडलात, त्या दिवशी होती. पित्त असलेला माणूस मी तुमच्या घरी जेवताना पाहिला, चहासकट. सांधे धरणारे टोमॅटोही पाहिले. कल्पना असताना त्या बाईंना तुम्ही हे पाणी पिताना बघत राहिलात. त्या गेल्यावर बोट हिच्याकडे दाखवलंत. मग माझ्या सासूबाईंची पाळी आली, तेव्हाही तेच केलंत. फरश्यांसाठी."

खून करणारी माणसं फौजदारबाईंनी पुष्कळ पाहिली होती. त्यांचा राग यायचा, कधी कीवही यायची. या माणसाची त्यांना नुसती घाण वाटली, त्या चिखलाहून जास्त. निरीक्षक त्याला घेऊन भिंतीपलीकडची टाकी बघायला गेला.

भाची पाइपजवळच उभी होती.

"मावशी गेल्यावर बोट दाखवलं असं नाही," ती म्हणाली. "हे आधीच मावशीच्या कानाशी लागले होते. शेवटच्या आठवड्यात तिने माझा डबा परत केला. तुझ्या हातचं नको गं, म्हणाली. आणि माझ्यासमोर विहिरीचं पाणी प्यायली, पोट शांत करायला म्हणून."

काकूंनी मान खाली घातली. तिच्या हाताचं खाऊ नका हे घरोघरी त्यांनीच पोचवलं होतं.

सासूबाई काठी टेकत पायरीवरून उतरल्या, भाचीजवळ आल्या आणि तिच्या दंडाला धरलं.

"उद्या दुकानात जाताना माझ्यासाठी डबा आण," त्या म्हणाल्या. "हिच्या हातच्या पेजेला मी कंटाळले."

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडे अंगणातल्या फरश्या फोडायचं काम सुरू होतं आणि बोलण्यातलं धड काही ऐकू येत नव्हतं. भाची दारात उभी राहून बघत होती. सासूबाईंनी डबा शेवटच्या घासापर्यंत संपवला आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून तिला ओरडून सांगितलं.